परांचीचं शेवटचं भोक

भिंतीला घाम फुटतो, हे मला डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं. ते जयसिंगपूरच्या एका गुळाच्या कोल्ड स्टोरेजनं शिकवलं, आणि असं शिकवलं की अजून आठवलं तरी कानशिलं तापतात. राग कुणाचा येतो म्हणाल, तर माझाच.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात साइट सुपरवायझर म्हणून लागले होते. बाई आणि साइटवर, म्हटल्यावर लोक आधी माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मग माझ्या पायातल्या बुटांकडं. मी दोन्ही बाबतीत ऐकून घेणारी नव्हते. एका सेंट्रिंगवाल्यानं 'ताई, चहा कुठं ठेवलाय?' असं विचारलं, तेव्हा मी त्याला त्याच्या वाकड्या टेकूखाली उभं केलं आणि म्हटलं, आता इथंच उभं राहून पी. त्यानंतर मला चहा विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या. तिथं भट्ट्यांचा धूर, आणि आमच्या शेडमधून डांबराचा वास. आमचे साहेब परदेशात जाऊन आले होते आणि तिथल्या भिंती बघून त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. खूळ चांगलं होतं, अजूनही म्हणते. आपण काय करतो, वीट रचतो, गिलावा करतो, रंग फासतो आणि पावसाळाभर ओल आली म्हणून कपाळाला हात लावून बसतो. तिकडं भिंतीला बाहेरून आधी एक सलग कातडं चढवतात. पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि हवाही येऊ द्यायची नाही. दोन्ही कामं एकाच फळीनं करायची. साहेबांनी ती फळी इथंच करायला घेतली. जाड प्लायवूड, त्यावर शेडमध्येच तापवून बसवलेला काळा डांबरी थर, आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर चार बोटं रुंद चिकटपट्टी. कागदोपत्री त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. आमची माणसं त्याला जाकीट म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले.

घरं बांधणारे आम्हाला हसायचे. 'पावणं, भिंतीला जाकीट घातलंय, आता टोपी कवा घालणार?' असलं बरंच काही ऐकलं. पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते जयसिंगपूरचे गुळाचे व्यापारी. घराणं लिंगायत, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. त्यांना गुळासाठी कोल्ड स्टोरेज बांधायचं होतं. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, पाझरायला लागतो, काळा पडतो. थंड आणि कोरड्या खोलीत ठेवला तर दिवाळीपर्यंत रंग धरतो. अडचण एकच, लाइट. गेली की कधी येईल ते देवाला ठाऊक. साहेबांनी त्यांना समजावलं की भिंत घट्ट असेल तर यंत्र बंद पडलं तरी गारवा टिकतो, आणि चालू असताना यंत्राला दम लागत नाही. अण्णांना ते पटलं. व्यापारी माणूस, पटलं म्हणजे लगेच कामाला हात.

मिस्त्री कोण घ्यायचा म्हटल्यावर मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं.

आबा शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावचे गवंडी. आमच्या आजोबांच्या पिढीत आम्ही बौद्ध झालो. आजोबांकडं जमीन नव्हती, आबांकडंही आली नाही. डोक्यावर घमेलं घेऊन वाळू वाहता वाहता आबांनी थापी हातात घेतली आणि तीस वर्षं ती खाली ठेवली नाही. त्यांच्याकडं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे नाव. शिरोळ ते जयसिंगपूर कुठंही जा, 'भिंत मिस्त्रीची हाय' म्हटलं की लोक ओळंबा लावून बघत नव्हते. या नावावर मी शिकले. माझ्या डिप्लोमाची फी त्याच नावावर भरली गेली, आणि त्याचा मला गर्व होता. पण आपण त्या नावाच्या जिवावर उभ्या आहोत हे रोज आठवायचं असतं, तेवढं मी विसरले.

कारण साइटवर मी मॅडम होते. आबाच मला सगळ्यांसमोर 'म्याडम' म्हणायचे. अर्धं कौतुकानं, अर्धं चिडवायला. मी त्यांना 'मिस्त्री' म्हणायचे. घरी आल्यावर आई दोघांनाही फैलावर घ्यायची, की बाप-लेकीचं हे काय नाटक चाललंय म्हणून.

विटांची भिंत आबांनी उभी केली, आतून थर्मोकोल बसलं, बाहेरून जाकीट चढायला लागलं. फळ्या ठोकायचं कामही आबांच्याच माणसांकडं होतं. एक दिवस मी खिळ्यांच्या डोक्यांवरसुद्धा पट्टी लावायला सांगितली. आबा परांचीवरून खाली वाकून म्हणाले, खिळ्याच्या भोकाला पण पट्टी? मुंगी शिरंल का काय त्यातनं? माणसं हसली. खरं तर प्रश्न चांगला होता. तीस वर्षं भिंती बांधलेला माणूस विचारतोय, त्याला बसवून दोन मिनिटं सांगायला हवं होतं. पण माणसं हसली ना, माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "मिस्त्री, कारणं विचारू नका. सांगितलंय तेवढं करा."

आबा हसायचे थांबले. 'बरं' म्हणाले आणि पट्टी लावायला लागले. मला वाटलं, आपण साइट कशी ताब्यात ठेवलीय.

आता परांचीचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. उंच भिंतीवर काम करायला गवंडी लाकडांची परांची बांधतात. तिची आडवी लाकडं भिंतीत खुपसलेली असतात. काम संपलं की वरून खाली येत एकेक लाकूड काढायचं आणि त्याचं भोक विटांच्या तुकड्यांनी आणि मालानं बुजवायचं. पुढं वीस-पंचवीस वर्षांत मी जिथं जिथं ओल शोधायला गेले, तिथं निम्म्या वेळा ती घाईत बुजवलेल्या परांचीच्या भोकातूनच आलेली निघाली. आमच्या भिंतीत तर विटेचं भोक बुजवायचं, वरून जाकिटाचा तुकडा बसवायचा आणि त्याच्या चारी कडांना पट्टी लावायची, असं तिहेरी काम होतं. मी प्रत्येक भोकाला नंबर दिला होता. प्रत्येक भोक स्वतः चढून बघायचं आणि तक्त्यावर सही करायची, असा माझाच नियम. मी बघतही होते. हात घालून, पट्टीची कड नखानं खरवडून बघत होते.

अगदी वरचा, छपराच्या कडेखालचा वायव्येचा कोपरा तेवढा राहिला होता. त्या दिवशी साहेबांचा निरोप आला, लगेच शिरोलीला या. मी खालूनच विचारलं, कोपऱ्यातलं झालं का? आबा म्हणाले, हुतंय, तुमी जावा. मी तक्त्यावर सही केली आणि गेले. बापाचं काम काय चढून बघायचं, असं मनात आलं. दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीला मी सोडलं नसतं.

परांची उतरली, जाकिटावर पांढरे पत्रे बसले. उन्हाळा संपायच्या आत पूजा झाली, यंत्र सुरू झालं आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आत जाऊन थप्प्या लागल्या. साहेबांनी भिंतीचे फोटो काढून शेडमध्ये लावले. मी त्या फोटोंखालून जाताना मान जरा वर करून चालायचे.

आषाढात अण्णांचा फोन आला. माणूस एरवी मोठ्यानं बोलणारा, त्या दिवशी आवाज बसलेला होता. "बाई, भिंत रडायलीय बघा माझी. येऊन बघा जावा."

मी गेले. वायव्येच्या भिंतीला आतून पाण्याचे ओघळ लागले होते. आतल्या गिलाव्याला फोड आले होते, बोट लावलं की पापुद्रा हातात. त्या बाजूच्या थप्पीतला गूळ मऊ पडून खालच्या रव्यांवर उतरला होता. अण्णांनी बोटानं एक रवा दाबून दाखवला. बोट आत गेलं. रात्रंदिवस यंत्र चालतंय आणि गारवा धरत नाही, असं त्यांचा माणूस सांगत होता.

साहेबांना फोन केला तर ते माझ्यावरच घसरले. पट्ट्या नीट लागल्या नसणार, तू नीट बघितलं नसणार, सही तुझी आहे. वर हेही म्हणाले की बाईमाणसाला परांचीवर चढायला जमत नसेल तर तसं आधी सांगायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, एकूण एक भोक मी चढून बघितलंय. आणि बोलता बोलताच आठवलं, एक बघितलं नव्हतं.

पावसाची उघडीप बघून शिडी मागवली आणि चढले. पत्रे छपराच्या खाली वीतभर अलीकडं संपत होते. त्या वीतभर जागेत, कोपऱ्यात, भोक तसंच होतं. हाताची मूठ जाईल एवढं. आत गवताच्या काड्या, दोन पिसं. मी हात घातला तर थंड ओलं थर्मोकोल हाताला लागलं. राहून गेलंय असं म्हणायला जागा नव्हती. भोकाची कड मालानं गोल करून अंगठ्यानं गुळगुळीत केलेली होती. तो अंगठा मला ओळखू येत होता. आमच्या घरची चूल तशीच सारवलेली असायची, उखळाभोवतीचा कोबा तसाच होता. राहून गेलेलं काम कुणी असं नटवत नाही. ते ठेवलेलं भोक होतं.

मी शिडीवरच उभी राहिले. खाली अण्णांचा माणूस विचारत होता, काय दिसतंय का? मी म्हटलं, काही नाही. आयुष्यात साइटवर जाणूनबुजून खोटं बोलले ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. म्हणजे माझ्याकडं एक दिवस होता. गप्प बसले तर दोष माझ्या सहीवर आणि नोकरी जाणार, हे उघड होतं. बोलले तर आबांचं नाव जाणार. बंद भिंतीत मिस्त्रीनं मुद्दाम भोक ठेवलं, ही गोष्ट गुळाच्या बाजारात पडली की संध्याकाळपर्यंत शिरोळला पोचणार. नोकरी काय, दुसरी मिळाली असती. नाव दुसरं कुठून आणायचं? हे मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मनात काळजीपेक्षा राग जास्त होता. माझ्या पहिल्या मोठ्या कामात माझ्याच बापानं असं करावं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर माझ्याच घरात!

दिवेलागणीच्या आत गावी पोचले. आबा दारात बसून थापीचा दांडा घट्ट करत होते. मी चपला न काढताच विचारलं, वायव्येच्या कोपऱ्यातलं भोक का ठेवलं? आई चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. आबांनी दांडा हातातून खाली ठेवला. भिंतीचं, गुळाचं, साहेबांचं, सगळं मी एका दमात सांगितलं, बरंच काही वेडंवाकडंही बोलले. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला एक भोक बुजवता येत नाही का, इथपर्यंत गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. आबांनी सगळं ऐकलं. गूळ किती गेला, एवढं एकच विचारलं. मी सांगितलं, एक अख्खी थप्पी. मग ते म्हणाले, "उद्या मी येतो."

का ठेवलं ते काही सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण माझा आवाज रडवेला झाला होता आणि तो मला त्यांना ऐकवायचा नव्हता.

सकाळी स्टोरेजच्या दारात साहेब, अण्णा आणि मी. आबा खांद्याला पिशवी लावून थोडे मागं उभे. साहेबांनी बोलायला सुरुवात केली की पट्टीचा माल खराब असेल, नाहीतर तपासणी. मी मध्येच म्हटलं, एक भोक मी न बघता सही केलीय, चूक माझी आहे. मला वाटलं, एवढ्यावर मिटेल.

आबा पुढं आले. "अण्णा, भोक माझं हाय. वरल्या कोपऱ्यातलं."

साहेबांनी विचारलं, राहिलं का?

"ऱ्हायलं न्हाई. ठेवलं."

साहेब चिडले, ते चिडणारच. का ठेवलं, कुणी सांगितलं, कुणाकडून पैसे घेतले का, असलं काय काय विचारायला लागले. आबा म्हणाले, सवय हाय माझी. बस, एवढंच. मी त्यांच्याकडं बघत होते, की अजून काही सांगा, काहीतरी कारण द्या, माफी मागा. ते अण्णांकडंच बघत उभे राहिले. अण्णांनी एकदा वर कोपऱ्याकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, तुज्या हाताला मी लई मानत हुतो. आता ह्या बाजारात तुला काम मिळायचं न्हाई."

आबांनी मान हलवली. अण्णांचा शब्द खराच ठरला. पुढं दोन पावसाळे गेले तरी जयसिंगपुरातून आबांना कुणाचं बोलावणं आलं नाही. शिरोळातलीही दोन कामं हातातोंडाशी आलेली गेली. ते मग आसपासच्या गावांत गोठे, हौद, कंपाउंडाच्या भिंती असली कामं करत राहिले. मला मात्र साहेबांनी ठेवून घेतलं. खरं बोलली म्हणून, म्हणे.

अण्णांना आबा म्हणाले, बुजवून तरी जातो. अण्णा हो म्हणाले. शिडी लावली. आबांनी पिशवीतून थापी काढली, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा तुकडा. जाकिटाचा. त्या भोकाच्या मापानं कापलेला, कडा घासून साफ केलेल्या, सोबत पट्टीची छोटी गुंडाळी. साइटवरच्या फळ्या संपून दोन महिने झाले होते. म्हणजे हा तुकडा काम चालू असतानाच कापलेला होता. मी शिडी धरून उभी होते, मला तो सगळा वेळ तेच दिसत होतं.

वरून आबा म्हणाले, एवढ्याशा भोकातनं एवढं पाणी कसं गेलं? आता मात्र मी सांगितलं. पाणी पाण्यासारखं गेलंच नाही. बाहेरची आषाढातली हवा ओलीचिंब असते. ती भोकातून भिंतीच्या पोटात शिरते आणि आत गार लागलं की तिथंच पाणी सोडते. गार पाण्याचा तांब्या भरून ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो, तसं. खिळ्याच्या भोकालासुद्धा पट्टी लावायची ती त्याचसाठी. आबांचा हात थांबला. "हे तवाच सांगायचं हुतंस की," ते म्हणाले आणि पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवायला लागले. त्या शब्दांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परत जाताना शिरोळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. पिशवी आबांच्या मांडीवर. दोन्हीकडं ऊस, काचेवर पावसाचं पाणी. मी विचारलं, तुकडा आधीच कापलेला होता, मग लावला का नाही?

आबा खिडकीकडं बघत हळूहळू सांगत गेले, आणि मी त्यांचं तीस वर्षांचं एक काम पहिल्यांदा ऐकलं. बांधकाम कुणाचंही असो, अगदी वरच्या कोपऱ्यातलं एक भोक ते मोकळं ठेवत. मालकानं वास्तुशांतीला, पूजेला बोलावलं, पंगतीत बसवून जेवू घातलं, की दुसऱ्या दिवशी शिडी आणि मूठभर माल घेऊन जायचं आणि ते भोक बुजवून यायचं. मालकाला कळतही नव्हतं. नाही बोलावलं, तर ठेवायचं. भांडण नाही, शिव्या नाहीत, शाप नाहीत. साध्या घराच्या भिंतीत त्यानं काही बिघडतही नव्हतं. "चिमण्या ऱ्हातात मग त्यात," ते म्हणाले. "भिंत आपण बांधायची आन् आत आपलं कुणीच न्हाई, हे बरं न्हाई वाटत."

मी विचारलं, किती घरांत भोकं राहिली? ते म्हणाले, मोजली न्हाईत. शाळेत जाताना ते मला सायकलवरून दाखवायचे, हे घर माझं, ते घर माझं. त्यातल्या किती घरांच्या छपराखाली चिमण्यांची ये-जा होती, ते मला तेव्हा एसटीत बसल्या बसल्या आठवायला लागलं. बरीच होती.

"अण्णांचं म्हटलं, बोलावतील," आबा म्हणाले. "म्याडमचा बाप हाय, म्हटलं. म्हणून तर तुकडा कापून ठेवलता. पूजा झाल्यावर दोन दिवस पिशवीतनं घेऊन फिरलो."

पूजेची पत्रिका माझ्या नावानं शिरोलीला आली होती. अण्णांचा मुलगा गाडी घेऊन न्यायला आला होता. मी आईची जरीकाठाची साडी नेसून गेले होते, पुढच्या रांगेत साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. माझ्या हातात नारळ दिला, टाळ्या वाजल्या. ही भिंत ज्यानं बांधली तो कुठाय, असं त्या मांडवात कुणी विचारलं नाही. अण्णांनी विचारलं नाही, त्याचं मला एवढं काही वाटत नाही. मी विचारलं नाही. मला आठवलंसुद्धा नाही. साइटवरच्या माणसांना दारात पेढे वाटले होते आणि ते मला बरोबरच वाटलं होतं. कालच संध्याकाळी मी घराच्या दारात उभी राहून ज्या माणसाला नाही नाही ते बोलले होते, तो माणूस दोन दिवस बोलावण्याची वाट बघत पिशवी घेऊन फिरला होता. मला लाज वाटली. मी मान खाली घालून पिशवीच्या बंदाकडं बघत बसले.

आबांना वाटलं असेल, पोरगी गप्प का झाली. विषय बदलावा म्हणून त्यांनी सहज विचारलं. त्यात काही खोच नव्हती, मी त्यांना ओळखते.

"जेवान काय केलतं गं त्या दिवशी?"

मी म्हटलं, "खपली गव्हाची खीर. गूळ त्यांचाच."

"मग चांगली झाली असंल."

"चांगली झाली होती, आबा," मी म्हटलं. "मी दोनदा वाढून घेतली."